शंभर योजनांची वाट

॥ राम कृष्ण हरी ॥

सज्जनहो, आपल्या संप्रदायात पायांना जेवढा मान आहे तेवढा क्वचितच कुठे असेल. पालखीत आपण मूर्ती नेत नाही, पादुका नेतो. एकमेकांना भेटलो की वयाचा विचार न करता एकमेकांच्या पाया पडतो. देवाकडे जायचे तेही पायांनीच. असे असूनही गेली काही वर्षे कीर्तन आटोपले, आरती झाली की मंडळी जवळ येऊन एक प्रश्न विचारतात. "महाराज, आमच्या घराण्यात पाच पिढ्यांची वारी आहे. मी स्वतः तीस वाऱ्या केल्या. मग मला साखर कशी झाली? बीपीची गोळी का लागली?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याच्या पोटात एक शंका दडलेली असते. वारीत काही कमी पडले का, देवाने लक्ष दिले नाही का, असे त्या भोळ्या जिवाला वाटत असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे इतिहासात शिरून शोधावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी वैद्य नाही. ग्रंथ वाचण्याची सवय गुरुकृपेने लागली, आणि या विषयातल्या जाणत्यांकडून जे समजून घेतले ते आपल्यापुढे मांडतो.

ग्रंथ काय सांगतात

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चरकसंहितेत आणि सुश्रुतसंहितेत 'प्रमेह' नावाचा विकार विस्ताराने आला आहे. त्याचे वीस प्रकार सांगितले असून त्यांतला एक 'मधुमेह'. आजच्या डॉक्टरांचा मधुमेह आणि ग्रंथातला प्रमेह हे अगदी अंगाला अंग लावून जुळत नाहीत, पण त्यांचे नाते जवळचे आहे हे कोणीही मान्य करील.

या विकाराची कारणे सांगताना चरकांनी पहिला शब्द योजला आहे तो 'आस्यासुख'. आस्या म्हणजे बसणे. बसून राहण्यात वाटणारे सुख, हे पहिले कारण. दुसरे, झोपून राहण्याचे सुख. त्यानंतर दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ यांची पाळी येते. क्रम ध्यानात घ्या. लोक विचारतात, "गोड खाल्ल्याने होते ना?" पण आचार्यांनी गोडाच्या आधी गादीचे नाव घेतले आहे.

दुसऱ्या एका ठिकाणी चरकांनी दृष्टान्त दिला आहे. पाखरे जशी आपल्या घरट्याच्या झाडाकडे झेपावतात तसा प्रमेह खाण्याला हपापलेल्या आणि स्नानाचा व 'चंक्रमणा'चा तिटकारा असलेल्या माणसाकडे धाव घेतो, असा त्याचा भाव. चंक्रमण म्हणजे फिरणे, चालणे. चालण्याचा तिटकारा असलेला देह हे रोगाचे घरटे होते, असे आचार्यांचे निरीक्षण आहे.

सुश्रुतांचे म्हणणे तर वारकऱ्याने कान टवकारून ऐकावे असे आहे. चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात प्रमेहाचे उपाय येतात. औषधे आहेत, आहार आहे. सवड आणि साधने असलेल्याला व्यायाम, कुस्ती, खेळ, हत्ती-घोड्यांवरून व पायी फिरणे सांगितले आहे. पण ज्याच्यापाशी पैसा नाही, सोयरे-धायरे नाहीत, त्याने काय करावे? सुश्रुत सांगतात की त्याने पायताण व छत्री न घेता निघावे, भिक्षेचे अन्न खावे, एका गावात एकच रात्र राहावे, मुनीसारखे मन आवरून धरावे आणि शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. हे न जमल्यास गाईंच्या मागे सतत हिंडावे, नांगर धरावा, विहीर खणावी.

एका गावी एक रात्र, मिळेल ते अन्न, मनाचा संयम आणि पुढे चालत राहणे. हे वर्णन वाचताना कोणाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते? सुश्रुतांना काही पंढरीची वारी ठाऊक नव्हती. तसा दावा कोणी केला तर तो मानू नये. पण त्यांनी रोग्याला जी दिनचर्या सांगितली ती आणि आपल्या पूर्वजांनी भक्तीसाठी जी पत्करली ती, या दोहोंची घडण सारखी आहे एवढे खरे.

वारीची घडण

वारी ही ज्ञानेश्वर माउलींच्याही आधीची. त्यांच्या वडिलांकडे पंढरीची वारी होती असे परंपरा सांगते. नामदेव महाराज तर चालत चालत पंजाबात गेले. तेथील घुमान गावी आजही त्यांचे स्मरण होते, आणि शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची पदे आहेत. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये देहूहून पालखी काढण्याची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींच्या पालखीला आजचे रूप दिले. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते. फौज कशी हलवावी, मुक्काम कसा टाकावा, माणसे एका शिस्तीत कशी चालवावीत हे त्यांना ठाऊक होते. दिंड्यांचे क्रमांक, विसावे, चोपदाराचा दंड, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, ही सारी व्यवस्था त्या काळापासूनची.

या व्यवस्थेचा आपल्या विषयाशी संबंध काय? आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. ती आपण तीन दिवसांत धावत काटत नाही. अडीच ते तीन आठवडे घेतो. दिवे घाटाचा दिवस कठीण, तर त्याला जोडून सासवडचा मुक्काम. पुढे जेजुरी, वाल्हे, नीरास्नान, लोणंद, तरडगाव, फलटण असे टप्पे. सकाळचा विसावा, दुपारचे भोजन, पुन्हा वाटचाल, सायंकाळी समाजआरती. ऐंशी वर्षांची म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन ती वाट पार करते, ती अंगात पैलवानाचे बळ असते म्हणून नव्हे. चाल बेताची असते, विसावा ठरलेला असतो, सोबत असते आणि मुखात नाम असते म्हणून.

आणखी एक गोष्ट. जुना वारकरी हा बहुतेक शेतकरी. पेरणी उरकून तो वारीला निघे. वारीच्या आधी तो नांगरामागे चालत होता, वारीनंतर कोळपण्यामागे चालणार होता. घरची बाई आडाचे पाणी शेंदत होती, जात्यावर दळत होती. त्यांच्या वर्षातले तीन आठवडे पंढरीच्या वाटेवर जात आणि उरलेले एकोणपन्नास आठवडे शेताच्या वाटेवर. सुश्रुतांनी सांगितलेले गाईंमागे हिंडणे, नांगर धरणे, विहीर खणणे त्यांच्या पाचवीलाच पुजलेले होते. ते वेगळे 'चालायला' कधी जात नव्हते, कारण चालणे कधी थांबतच नव्हते.

पालटले ते काय

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहू. वारी तीच आहे, पादुका त्याच आहेत. पालटले ते उरलेले एकोणपन्नास आठवडे. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली. शेतावर जायला मोटारसायकल आली. आडाच्या जागी नळ आला, जात्याच्या जागी गिरणी. यात वाईट काही नाही, बायाबापड्यांचे कष्ट वाचले याचा आनंदच आहे. पण देहाला जे चालणे न मागता मिळत होते ते गेले, आणि त्याच्या जागी दुसरे काही आपण ठेवले नाही. ज्वारीची भाकरी मागे पडली, चहाचे कप वाढले, संध्याकाळ टीव्हीपुढे जाऊ लागली. आस्यासुख घरोघर नांदू लागले.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. रक्तदाब वाढलेल्यांचे प्रमाण प्रौढांमध्ये शंभरात पस्तीसहून अधिक. म्हणजे शंभर जणांची दिंडी धरली तर तीसपस्तीस जणांना हा विकार असणार. पुष्कळांना त्याची वार्ताही नसते, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही.

रक्तदाबाचे नाव आपल्या जुन्या ग्रंथांत सापडत नाही. ते साहजिक आहे, कारण तो मोजण्याचे साधनच नव्हते. १७३३ साली स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने घोड्याच्या धमनीत नळी बसवून रक्त किती उंच चढते ते पाहिले होते. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती १८९६ साली इटलीच्या रिवा-रोची यांनी काढली, आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव या रशियन शल्यवैद्याने पट्ट्याखाली नळी लावून आवाज ऐकण्याची रीत सांगितली. आज डॉक्टर दंडाला पट्टा बांधून कानाला नळी लावतात ती रीत याच दोघांची.

दोन मजली बसचा दृष्टान्त

चालण्याने रोग टळतो हे वाडवडील सांगत होते, पण ते मोजून दाखवण्याचा मान लंडनच्या जेरेमी मॉरिस यांच्याकडे जातो. तेथील दोन मजली बसवर दोन माणसे काम करीत. चालक दिवसभर बसून गाडी हाके. वाहक तिकिटे देण्यासाठी वरखाली जिना चढे, दिवसाला पाचशे-सातशे पायऱ्या. दोघे एकाच गाडीत, एकाच शहरात राहणारे, मिळकतही जवळपास सारखी. मॉरिस यांनी अशा सुमारे ३१ हजार कामगारांची नोंद तपासली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध केली. बसणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार अधिक आणि चढणाऱ्या वाहकांमध्ये कमी आढळला. टपाल वाटत हिंडणारे पोस्टमन आणि टपालखात्यातच बसून काम करणारे कारकून यांच्यातही तसाच फरक निघाला.

आपल्याकडे सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडावा लागतो. इथेही पूर्वपक्ष उभा राहिला. जाड माणसे आधीच चालकाची नोकरी धरत असतील तर? मग दोष बसण्याचा कसा? मॉरिस यांनी ही शंका झटकून टाकली नाही. कामगारांना मिळणाऱ्या गणवेशाच्या विजारींची मापे त्यांनी तपासली. चालकांच्या कमरेचे माप मुळातच मोठे निघाले, आणि ते त्यांनी स्वतः जाहीर केले. म्हणजे केवळ बसच्या दृष्टान्ताने सिद्धान्त पुरता होत नव्हता. त्यासाठी माणसांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत वाटून, काहींना चालायला लावून वर्षानुवर्षे पाहावे लागणार होते.

तसे काम चीनमधील दाचिंग शहरात १९८६ साली सुरू झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५७७ लोक घेतले. काहींना आहार सांगितला, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही, आणि काहींना नेहमीप्रमाणे राहू दिले. सहा वर्षांत नेहमीप्रमाणे राहिलेल्यांपैकी शंभरात सुमारे ६८ जणांना मधुमेह झाला. व्यायाम करणाऱ्यांत हा आकडा ४१ होता.

मग आपल्याच देशात, चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३१ लोकांवर असाच अभ्यास केला. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. सल्ला साधाच होता. आहार सांभाळा आणि रोज निदान अर्धा तास चाला. तीन वर्षांत काहीच न पालटलेल्यांपैकी शंभरात ५५ जणांना मधुमेह जडला, चालणाऱ्या व आहार सांभाळणाऱ्यांपैकी ३९ जणांना. नुसती गोळी घेणाऱ्यांचा आकडा ४० च्या आसपास होता. म्हणजे उंबरठ्यावरच्या माणसाला पायांनी गोळीइतकेच काम दिले.

'उंबरठ्यावरच्या' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. ज्याच्या घरात रोग शिरलेला आहे त्याने हा आकडा वाचून गोळी टाकून देऊ नये. त्याला चालणे हवे आणि गोळीही हवी.

याला साक्ष खुद्द महात्मा गांधींची. १९३० साली एकसष्टाव्या वर्षात त्यांनी साबरमती ते दांडी ही २४ दिवसांची पदयात्रा केली, आणि रोजचे फिरणे त्यांनी उतारवयातही सोडले नाही. असा चालणारा आणि मिताहारी पुरुष, तरी त्यांचा रक्तदाब वाढलेला असे. १९३७ साली वरचा अंक १९४ पर्यंत आणि १९४० साली २२० पर्यंत गेल्याची नोंद आहे. त्या काळी यावर खात्रीचे औषध नव्हते. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम आपल्या रुग्णांत अभ्यासून विलायतेतील हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या औषधाकडे वेधले. म्हणून सांगतो, गोळीला परकी समजू नये. या औषधांच्या इतिहासात आपल्या रानातली एक मुळीही आहे. मात्र आज कोणी ती मुळी आपल्या मनाने उगाळून घेऊ नये.

नित्य आणि नैमित्तिक

आता या सर्वाचा उलगडा. शास्त्रात कर्माचे भेद सांगतात. नित्य कर्म म्हणजे रोज करायचे, जसे स्नान-संध्या. नैमित्तिक म्हणजे निमित्त आले की करायचे. काम्य म्हणजे फळाच्या इच्छेने करायचे. नित्य कर्माची गंमत अशी की ते केल्याने काही मोठे पुण्य पदरी पडल्यासारखे दिसत नाही, पण न केल्यास प्रत्यवाय लागतो, म्हणजे दोष जडतो.

देहाचे चालणे हे नित्य कर्म आहे. कसे ते सांगतो. आपण जेवतो त्याची साखर रक्तात उतरते. ती स्नायूंच्या घरात शिरायला इन्सुलिन नावाची किल्ली लागते. मधुमेहात ही किल्ली कमी पडते किंवा कुलपात नीट फिरत नाही. पण मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू चालताना आकसतात-सैलावतात तेव्हा किल्लीवाचूनही त्यांचे एक दार उघडते आणि साखर आत जाते. चालणे थांबल्यावरही स्नायू काही काळ इन्सुलिनला अधिक दाद देतात. हा गुण साधारण एक-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणूनच डॉक्टर सांगतात की आठवड्यात निदान दीडशे मिनिटे चाला आणि लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नका.

रक्तदाबाचेही तसेच. नियमाने चालणाऱ्याच्या रक्तवाहिन्या सैल राहतात, आणि वाढलेला वरचा अंक साधारण ५ ते ८ ने उतरतो. चालणे सोडले की काही आठवड्यांत तो लाभ जातो.

म्हणजे उत्तर सापडले. वारीचे तीन आठवडे चालल्याने आषाढात साखर खाली येते हे खरे. पण द्वादशीचे पारणे फेडून, एसटीत बसून घरी आलो, आणि मग पुढच्या ज्येष्ठापर्यंत बसून राहिलो, तर आषाढातले चालणे कार्तिकापर्यंत कसे पुरेल? दिवाळीत जेवलेले अन्न शिमग्यापर्यंत पुरत नाही, तसेच हे. यात वारीला उणेपणा नाही आणि देवाकडे बोट दाखवायला जागा नाही. वारी वर्षाचा नेम आहे. देहाने रोजचा नेम मागितला आहे, तो वेगळा द्यावा लागतो.

कोणी म्हणेल, "महाराज, वारी ही साखर उतरवण्यासाठी आहे का?" मुळीच नाही. वारी पांडुरंगासाठी आहे आणि तिला काम्य कर्म करू नये. साखर उतरवायला गावाची पांदण पुरे आहे. उलट मी असे म्हणेन की वारी निर्मळ राहावी, तिच्यावर औषधाचे ओझे पडू नये, म्हणूनच रोजचे चालणे घरी करावे. आणि सत्तरीनंतरही वारी घडावी अशी ज्याची इच्छा आहे, त्याने तिची तयारी चाळिशीतच सुरू करावी.

अनवाणीचा वाद

एक ठिकाण मात्र असे आहे की जिथे जुना ग्रंथ आणि आजचा डॉक्टर समोरासमोर येतात. सुश्रुतांनी पायताण घालू नये म्हटले, आणि आपल्यातही अनवाणी वारीचा नवस असतो. डॉक्टर सांगतात, मधुमेह्याने घरातसुद्धा अनवाणी चालू नये. कोणाचे ऐकावे?

आमच्या दिंडीत एक मृदंगवादक होते. हात असा की ठेका ऐकून वृद्धांचेही पाय उचलावेत. साखर जुनी होती आणि अनवाणी वारीचा नेम होता. एके वर्षी तळव्यात खडा रुतला. त्यांना कळलेच नाही, कारण जुन्या साखरेने पायांची संवेदना गेली होती. चार मुक्काम ते तसेच चालले. मोज्यासारखा पाय सुजला तेव्हा कोणीतरी पाहिले. पुढे दोन बोटे काढावी लागली, नंतर पाऊलही. मृदंग वाजवायला हात शाबूत होते, पण दिंडीत उभे राहायला पाय उरला नाही. ज्या पायांनी देवाकडे जायचे ते पायच नवसात गेले.

ग्रंथाचा आधार घेऊन या वादाचा निकाल लागतो. चरकांनी प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे सांगितले आहेत. एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. दोघांना एकच उपाय करू नये, कृशाला झिजवू नये, असे त्यांनी बजावले आहे. म्हणजे माणूस पाहून उपाय, हा शास्त्राचाच नियम. ज्याच्या तळव्याला मुंगीचा चावा कळत नाही, त्याला अनवाणी चालवणे शास्त्राला धरून नाही. त्याने मऊ मोजे व बोटांना न चावणारे बूट घालावेत, बूट घालण्यापूर्वी झटकावेत, आणि रोज रात्री तळवे नीट पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर सोबत्याला दाखवावेत. आपण एकमेकांच्या पाया पडतोच, पडताना ते पाय पाहिलेही तर ती सेवाच होईल. राहिला नवस. पाय राखून अधिक वाऱ्या करीन असा नवस पांडुरंगाला अधिक आवडेल, अशी माझी श्रद्धा आहे.

रोजचा नेम कसा असावा

पहिली गोष्ट चालीची. बोलता येईल पण गाता येणार नाही, अशी चाल मधुमेह व रक्तदाबाच्या माणसाला योग्य, असे डॉक्टर सांगतात. दिंडीत तर आपण गातो, म्हणजे दिंडीची चाल याहून संथ. म्हणून गावात चालताना दिंडीपेक्षा थोडी चढी चाल धरावी आणि अभंग गाण्याऐवजी 'राम कृष्ण हरी' मनात चालवावे. पावलाला नाम जोडले की वेळ कळत नाही. सुरुवात दहा मिनिटांपासून करावी आणि हळूहळू अर्ध्या-पाऊण तासावर यावे.

दुसरी गोष्ट शतपावलीची. जेवणानंतर शंभर पावले चालावे हे घरोघरी ठाऊक होते. वृद्ध माणसांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्याने दिवसभराची साखर उतरली आणि विशेषतः रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात राहिली. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. तेव्हा शंभर पावलांवर न थांबता पंधरा मिनिटे फिरावे. हरिपाठ म्हणत अंगणात फेऱ्या घातल्या तरी चालेल.

तिसरी गोष्ट एकादशीची. साबुदाणा, रताळी, राजगिऱ्याचे लाडू यांनी साखर झरझर चढते. आणि निर्जळी उपास करून साखर उतरवण्याची गोळी किंवा इन्सुलिन घेतले तर ती घातक पातळीपर्यंत उतरू शकते. अंग थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात घोटाळा ही तिची लक्षणे. वारीत सर्वांनाच घाम येतो, म्हणून ही खूण निसटते. अशा माणसाने खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी, शेजारच्या टाळकऱ्याला सांगून ठेवावे, आणि उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यावी हे आधीच डॉक्टरांना विचारावे.

चौथी गोष्ट सावधपणाची. वारीला निघाल्यावर 'आता माउली पाहून घेईल' म्हणून गोळ्या घरी ठेवू नयेत. वरचा अंक १८० च्या वर असेल तर चालण्याचा जोर करण्याआधी डॉक्टरांना भेटावे. चालताना छातीत दडपल्यासारखे झाले, हात भरून आला, दम लागला तर तिथेच थांबावे. पालखीलाही विसावा आहे, मग आपल्याला का नको?

हिशेब

शेवटी एक हिशेब करू. योजनाचे माप सर्वत्र सारखे नाही, पण चार कोसांचे योजन आणि सुमारे दोन मैलांचा कोस ही रूढ मोजणी धरली तर शंभर योजने म्हणजे आठशे मैल, साधारण १,२८० किलोमीटर. आळंदीहून पंढरपूरला पाच वेळा जावे तेवढी वाट. ऐकून छाती दडपते. पण रोज साडेतीन किलोमीटर, म्हणजे पाऊण तासाच्या आतबाहेर चालले, तर वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत १,२७७ किलोमीटर होतात. सुश्रुतांनी निर्धन रोग्याला सांगितलेली शंभर योजने माणूस गाव न सोडता, आपल्याच पांदणीने, वर्षभरात चालून जातो.

त्याला दमडी लागत नाही, म्हणूनच ती निर्धनाला सांगितली होती. आज धनवानालाही तीच सांगावी लागते. ज्यांना साखर आहे, बीपी आहे, त्यांनी हा अंक वाचून खाली ठेवल्यावर पायात वहाणा घालाव्यात आणि वेशीपर्यंत जाऊन यावे. उद्या पुन्हा जावे. परवाही जावे. पुढच्या आषाढात वाखरीला भेटू.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥